सापशिडी खेळून झाल्यावर पाटी काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत, आणि हे पत्र बरेच दिवस डोक्यात घोळत होतं ते आज लिहून टाकते. विषय वर्गातल्या खेळांचा आहे, म्हणजे मैदानावरचे नाही तर गणिताच्या आणि मराठीच्या तासाला बसून खेळायचे खेळ. एकीकडे पालक येऊन विचारतात, "बाई, पोरगं घरी येऊन सांगतंय आज सापशिडी खेळलो, मग शिकिवता कवा?" आणि दुसरीकडे वरून पत्रकं येतात की खेळातून शिकवा, आनंददायी शिकवा आणि फोटो ग्रुपवर टाका. या दोघांच्या मधे खेळ नेमका घ्यायचा कसा आणि त्यातून मुलाला गणित येतं ते कुठल्या वाटेने येतं, हे बोलायचं राहूनच जातं. खेळ नीट घेतला तर मूल त्यातून खरंच शिकतं हे मी रोज बघते, पण नीट नाही घेतला तर नुसता तास जातो, आणि हा फरक इतक्या बारीक गोष्टींवर असतो की दारातून डोकावणाऱ्याला तो दिसतच नाही.

सापशिडीचंच घ्या. सोंगटी ३७ वर आहे, फासा पडला ४. आता मूल काय करतं ते जवळ बसून बघा. बरीच मुलं सोंगटी उभी आहे त्याच घराला बोट लावून "एक" म्हणतात आणि ४० वर जाऊन थांबतात, समोरचा गडी "ए चिडका, ते घर नाय धरायचं" म्हणून भांडतो, आणि हे भांडण मला फार मोलाचं वाटतं कारण ३७ मधे ४ मिळवताना ३७ पुन्हा मोजायचे नाहीत ही गोष्ट तिथे पोरं आपापसात ठरवत असतात. दुसऱ्या प्रकारची मुलं घर बरोबर धरतात पण तोंडाने "एक, दोन, तीन, चार" म्हणत सरकतात. माझ्या वर्गात एक मुलगी अशीच खेळायची, कधी चुकायची नाही, जिंकायची पण, आणि एकदा तिला मी विचारलं की तू ३७ वर होतीस, चार पडले, आता कुठे आहेस, तर तिने खाली वाकून घरातला आकडा वाचून मला सांगितला. म्हणजे तिने उड्या मोजल्या होत्या, अडतीस, एकोणचाळीस हे आकडे तिच्या डोळ्यांपुढून गेलेच नव्हते. तेव्हापासून आमच्या वर्गात एकच नियम आहे, सोंगटी सरकवताना ज्या घरात पाय ठेवाल त्या घराचा आकडा मोठ्याने म्हणायचा. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. नाही म्हटला तर सोंगटी मागं. सुरुवातीला खेळ फार रेंगाळतो, पोरं वैतागतात, पण थोड्या दिवसांनी तीच मुलगी फासा पडला की सोंगटीला हात लावायच्या आधीच "एक्केचाळीस" म्हणून मोकळी व्हायला लागली आणि माझ्या मते तिथे बेरीज आली.

ही माझ्या एकटीच्या मनाची गोष्ट नाही. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ साली गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० आकड्यांची सरळ पट्टी असलेला साधा खेळ दिला, दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी साधारण पाव तास, बस एवढंच. मुलांची आकड्यांची समज सुधारली आणि नऊ आठवड्यांनी परत तपासलं तरी टिकून होती. तसाच खेळ पण घरांत आकड्यांऐवजी नुसते रंग, असा ज्यांना दिला त्यांच्यात तो फरक पडला नाही. पुढे २०१४ मधे एलिडा लास्की आणि सीगलर यांनी शंभरापर्यंतच्या पटावर हेच बघितलं, तर जी मुलं दर वेळी "एक, दोन" करत सरकली त्यांना फारसा फायदा झाला नाही आणि जी घरातला आकडा म्हणत पुढे गेली ती शिकली. पट तोच, फासा तोच, फक्त तोंडाने काय म्हणायचं तेवढं बदललं. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

आता मराठी माध्यमाच्या मुलांची एक जास्तीची अडचण आहे ती म्हणजे आपली संख्यानावं. त्रेसष्ट म्हटलं की कानाला आधी तीन ऐकू येतो आणि मग साठ, लिहिताना मात्र आधी सहा लिहायचा. दुसरीतलं मूल पंचवीस ऐकून ५२ लिहितं ते बेफिकीर आहे म्हणून नाही, तर ऐकलं त्या क्रमाने लिहितं म्हणून. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी तर मोठ्यांचीही क्षणभर फसगत करतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत विषय गेला, टीव्हीवर चेष्टा झाली. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हे इथे नको, पण त्या बदलामागे मुलाची जी अडचण होती ती खरी होती आणि आजही आहे, चर्चा थांबली म्हणून ती गेली नाही.

यावर माझ्या वर्गात सगळ्यात जास्त उपयोग झाला असेल तर तो हौजीचा. हो, तीच लग्नकार्यात आणि भिशीत खेळतात ती हौजी. प्रत्येकाने वहीच्या पानावर नऊ घरं आखायची आणि २० ते ७० मधले कुठलेही नऊ आकडे आपल्या हाताने लिहायचे. मी आकडा पुकारते, "पंचवीस". कोणी ५२ वर काट मारली की शेजारी बघतो आणि ओरडतो, मग आम्ही थांबतो, फळ्यावर दोन्ही लिहितो, दशकाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या मांडतो, आणि पुढे जातो. दहा-बारा आकडे झाले की मी पुकारायची पद्धत बदलते, "चार दशक तीन सुट्टे", "पन्नासच्या एक आधी", "तीसमधे आठ मिळवा". जिंकण्यासाठी कान टवकारून बसलेली तीस मुलं एकाच वेळी एकच आकडा डोक्यात फिरवतायत, हे पाढे पाठ करून घेताना मला कधी दिसलं नव्हतं. साहित्य म्हणाल तर एक पेन्सिल.

पण इथेच एक इशाऱ्याची गोष्ट सांगायला हवी, आणि ती खेळाच्या बाजूच्या लोकांनी जास्त ऐकायला हवी असं मला वाटतं. दिल्लीत "प्रथम" या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने एक मोठा प्रयोग झाला, २०१७ मधे तो "सायन्स" या संशोधनपत्रिकेत छापून आला, त्या संशोधकांत एस्थर डुफ्लोही होत्या ज्यांना पुढे नोबेल मिळालं. दोनशेच्या वर बालवाड्यांतल्या मुलांबरोबर चार महिने गणिताचे खेळ घेतले, कुठल्या पत्त्यावर ठिपके जास्त, कुठला आकार वेगळा अशा तऱ्हेचे, आणि मुलं त्यात पुढे गेली, वर्ष उलटल्यावर तपासलं तरी ती पुढेच होती. मात्र तीच मुलं शाळेत गेली, अंक आणि चिन्हांचं गणित सुरू झालं, तिथे त्या खेळांचा फायदा दिसला नाही. खेळ आवडले, समज वाढली, पण वहीतल्या गणितापर्यंत ती समज आपोआप चालत गेली नाही. डुफ्लो आणि अभिजित बॅनर्जी यांचं २०२५ चं आणखी एक काम आहे "नेचर" या संशोधनपत्रिकेतलं, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचं. ही मुलं भाजीचा हिशोब तोंडी फटाफट करतात, सुट्टे पैसे बरोबर देतात, आणि तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिलं की अडतात. उलट शाळेत जाणारी मुलं वहीत बरी असतात आणि बाजाराचा हिशोब दिला की गडबडतात. आमच्या आठवडी बाजारात आईशेजारी बसून मेथीच्या जुड्या विकणारा माझ्या वर्गातला पोरगा मला रोज हेच दाखवतो.

म्हणून खेळ संपला की तास संपला असं करून चालत नाही. सोंगटी ४१ वर आली की पाटीवर ३७ + ४ = ४१ हे लिहिलं गेलं पाहिजे, त्याच वेळी, त्याच मुलाच्या हाताने. साप लागला, ६२ वरून १९ वर आलास, किती घरं खाली आलास? हे विचारलं की पोरं बोटाने एकेक घर मोजत बसतात, मग कंटाळतात, मग कोणीतरी म्हणतं दहा-दहाच्या उड्या मारू, ६२ वरून ५२, ४२, ३२, २२, आणि मग तीन, त्रेचाळीस. ही ६२ वजा १९ ची वजाबाकी आहे, दशक सुटा करून करायची, तिसरीच्या मुलांना वर्षभर छळणारी. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या "असर" च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या साधारण तिघांपैकी एकालाच वजाबाकी येते असं दिसलं होतं, आणि ती येत नाही त्याचं एक कारण मला हे वाटतं की मुलाला त्या गणितात कुठून कुठे गेलो हे कधी दिसलेलंच नसतं. सापाने गिळल्यावर ते दिसतं, आणि वाईट वाटत असल्यामुळे लक्षातही राहतं. आमचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो, त्यात वीस मिनिटं खेळ आणि उरलेला वेळ बोलणं आणि लिहिणं असं मी धरते, आणि कधी वेळ कमी पडला तर खेळाला कात्री लावते, लिहिण्याला नाही.

तिसरीला राजा-राणी-चोर-शिपाई फार छान चालतं. चिठ्ठ्या टाकायच्या, शिपायाने चोर ओळखायचा, चुकला तर त्याचे गुण चोराला, सगळ्यांना माहीत आहे. मी फक्त गुण बदलते, राजा ९५, राणी ६८, शिपाई ४७, चोर शून्य. पाच डाव झाले की ज्याची त्याने बेरीज करायची आणि शेजाऱ्याने ती तपासायची, आणि शेजारी ती जितकी कडक तपासतो तितकी मी पण तपासत नाही कारण त्यावर हार-जीत असते. हातच्याच्या बेरजा फळ्यावर दिल्या तर जांभया येतात, इथे स्वतःहून करतात. मराठीला नाव-गाव-फळ-फूल. ज आलं की एक जण जावळी लिहितो, एक जण जेजुरी, आणि मग "बाई, जांभूळचा भू पहिला का दुसरा" असा प्रश्न स्वतःहून येतो, शुद्धलेखनाचा असा प्रश्न एरवी मुलाच्या तोंडून तुम्ही कधी ऐकलाय का? नाव बरोबर लिहिलं तरच दहा गुण, हे आधी सांगून ठेवायचं.

काही खेळ मात्र वर्गात घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे आणि नेमके तेच सगळ्यात जास्त घेतले जातात. जिथे चुकलेला "आऊट" होतो ते सगळे. पाढ्यांची संगीत खुर्ची, उत्तर चुकलं की खाली बसा, जो आधी हात वर करेल त्याला गुण. यात पहिल्या दोन मिनिटांत कोण बाहेर जातं? ज्याला येत नाही तो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तो पूर्ण तास भिंतीला टेकून बसतो आणि ज्याला आधीपासून येतं तो एकटा शेवटपर्यंत सराव करतो, वर टाळ्या त्यालाच. आणि भिंतीला टेकलेलं मूल त्या दिवशी गणित शिकत नाही, आपल्याला गणित येत नाही एवढंच शिकून घरी जातं. मोबाईलवरच्या बऱ्याच खेळांचंही असंच आहे, चार पर्यायांतून पटापट बोट लावत सुटायचं, नाणी मिळतात, आवाज येतो, मूल अंदाजाने बरोबर येतं आणि विचारलं तर सांगता येत नाही. फासा बरा यासाठी की तो हुशार-ढ बघत नाही, आज साप कोणालाही लागतो, आणि मागे पडलेल्या मुलालासुद्धा पुढच्या डावात जिंकायची तेवढीच आशा असते.

अजून एक, वर्गात एकच पट आणि भोवती पंचवीस मुलं हा खेळ नव्हे, तो फोटो. दोघांत एक पट पाहिजे, फार तर तिघांत, नाहीतर मुलाचा डाव येईपर्यंत त्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलेलं असतं.

फोटोवरून आठवलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधे खेळातून शिक्षण आहे, लहान वर्गांत वाचन आणि आकडेमोड पक्की करायची निपुण भारत मोहीम २०२१ पासून चालू आहे, फेब्रुवारी २०२३ मधे एनसीईआरटीने "जादुई पिटारा" ही खेळसाहित्याची पेटी आणली, आणि २०२५-२६ पासून आपल्याकडे पहिलीला नवा अभ्यासक्रम आला. कागदावर कोणीच खेळाच्या विरोधात नाही आणि याबद्दल मला खरंच समाधान आहे. पण साहित्याची पेटी शाळेत आली की ती स्टॉक रजिस्टरला चढते आणि एकदा रजिस्टरला चढली की हरवलेल्या मण्याचा हिशोब शिक्षकाला द्यावा लागतो, म्हणून ती कपाटात कुलपात राहते आणि कोणी भेटीला आलं की बाहेर निघते. मी ज्या शाळेत आधी होते तिथे मुलांनी त्या मणीमाळेला हात लावलेला मी एकदाही बघितला नाही. मणी हरवणार, फासे फुटणार, पत्ते चुरगळणार, सहा-सात वर्षांच्या मुलांनी वापरले तर हे होणारच, आणि असं खपलेलं साहित्य "वापरून संपले" अशा एका ओळीने निर्लेखित करायची मुभा मुख्याध्यापकांना असायला हवी. तशी मुभा द्यायला खर्च काहीच येत नाही. दुसरं म्हणजे खेळाच्या तासाचा अहवाल, लिंक, फोटो, व्हिडिओ हे बंद करा. बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम, पोषण आहाराची माहिती, निरनिराळी सर्वेक्षणं यातून जो तास वाचतो त्यातही मोबाईल हातात धरला की मूल सोंगटी सरकवताना काय म्हणतंय ते ऐकणार कोण? अधिकाऱ्यांना बघायचंच असेल तर त्यांनी यावं, मुलांशेजारी चटईवर बसावं आणि एक डाव खेळावा, पाच मिनिटांत कळेल कोणाला काय येतं. आणि त्या वेळी वर्गात आवाज असणार, तो बेशिस्तपणा म्हणून शेरा मारू नये ही विनंती.

महागडं साहित्य लागतं हा गैरसमज तर महाराष्ट्रात तरी नसायला हवा. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शाळा चालवल्या, तेव्हा त्यांनी परदेशी माँटेसरी साहित्याच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड असं आजूबाजूला मिळणारं साहित्य आणलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला गेली तर कुरणात न्यायची, इथपर्यंत त्या गेल्या. हे सगळं आपल्याच पालघर भागात घडलंय. चिंचोके, सागरगोटे, काचा-कवड्या आमच्या गावात आजही प्रत्येक घरात आहेत. चार कवड्यांवर खेळायचा पट आज्यांना अजून येतो, एका आजींना मी वर्गात बोलावलं होतं तर पोरांनी त्यांना उठू दिलं नाही, आणि त्यानंतर त्या घरातून "मग शिकिवता कवा" हा प्रश्न काही आला नाही. पालकांनाही माझं एवढंच सांगणं आहे की मुलगा सापशिडी खेळलो म्हणाला तर रागावू नका, त्याला विचारा कुठल्या घरावर होतास आणि किती पडले, आणि त्याची पाटी बघा. पाटीवर काही नसेल तर मग जरूर शाळेत या आणि आम्हाला विचारा.

शेवटी तुमच्याकडेच एक मागणं आहे, संपादक साहेब. तुमचा पेपर गावात एसटीने येतो, ग्रामपंचायतीत, चहाच्या टपरीवर, दूध डेअरीत वाचला जातो. तुमच्या मुलांच्या पुरवणीत महिन्यातून एकदा पूर्ण पानाचा एक पट छापाल का? १ ते १०० आकडे, मोठे आणि देवनागरीत. एक बदल मात्र करा, बाजारात मिळणाऱ्या सापशिडीत एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून अशी नागमोडी जाते त्याने लहान मुलं गोंधळतात, तुम्ही सगळ्या ओळी डावीकडूनच सुरू करा म्हणजे ३४ च्या बरोब्बर वर ४४ येईल आणि त्याच्या वर ५४, दहा मिळवणं म्हणजे एक घर वर जाणं हे मुलाला नुसतं बघूनच कळेल. साप थोडे मोठे आणि दहाच्या पटीत न येणारे ठेवा, ६२ वरून १९ सारखे, म्हणजे वजाबाकी करायला मिळेल. पानाच्या खालच्या कडेला फासा कापून चिकटवायचा नकाशा आणि एका ओळीत नियम की सरकवताना घराचा आकडा मोठ्याने म्हणायचा. पुठ्ठा आणि खळ आमच्याकडे आहे, बाकीचं आम्ही बघतो. पुरवणी छापायच्या आधी कच्चा पट दाखवलात तर माझ्या वर्गातली मुलं तो खेळून चुका काढून देतील, त्यांना ते काम फार आवडेल.

कळावे,
आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा